पात्यावरचा हात

जपानी तलवार पारखायला बसलेला माणूस पात्यावर श्वास पडू देत नाही. घडी केलेला पातळ कागद तो दातांत धरतो, म्हणजे मध्येच बोलायचा मोह होत नाही आणि तोंडाची वाफही पोलादाला लागत नाही. हे मी पाहिलं ते तरसालीच्या आमच्या घरात, भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत एकच दिवा जळत असताना. त्या दुपारबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही. बोलायचंच तर दादाशी बोलले असते, कारण त्या खोलीतल्या माणसांपैकी इथे आम्ही दोघंच उरलो होतो. दादा या आषाढात गेला. आता लिहून ठेवण्यावाचून दुसरं काही सुचत नाही.

आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, मागे मोरी आणि वर गच्ची. सोसायटीच्या भिंतीपलीकडे तेव्हा एरंडाचं शेत होतं. बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट खात्यात होते. गिअर भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलाच्या हौदात बुडवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या करपलेल्या तेलाचा वास त्यांच्या सदऱ्यांना कायमचा चिकटलेला असे. आई ते सदरे वेगळ्या बादलीत भिजवायची, पण आमचे टॉवेल, उश्या, कधीकधी गव्हाच्या पिठालासुद्धा तो वास येई. आईच्या आमटीत इथल्या गुजराती पद्धतीने गूळ जरा जास्तच असायचा. बाबा चिडवायचे, "तुझी आमटी पार पटेल झाली." ती म्हणायची, "मग पानात परत का वाढून घेता?" एवढंच त्यांचं भांडण. दादा डिप्लोमा करून घरी बसला होता, म्हणजे लोकांचे टीव्ही दुरुस्त करत होता. मी कॉलेजात जायला लागले होते आणि जिथे उजेड असेल तिथे पुस्तक घेऊन बसत होते.

तलवार आजोबांची. ते लढाईत ब्रह्मदेशात होते, आणि जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा ती त्यांच्या वाट्याला आली. कुणाची होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्यानावर तपकिरी चामडं, मुठीवर माशाचं खरखरीत कातडं आणि त्यावर तिरप्या विणीची पट्टी. आजोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली ती वर्षभर कपाटावर आडवी पडून असे आणि खंडेनवमीला खाली यायची. पात्याला फक्त शिवणयंत्राचं तेल लावायचं, बाकी काही नाही, ही आजोबांची ताकीद. मुठीच्या आतल्या भागाबद्दल मात्र ते काही बोलले नव्हते, आणि आईने तो स्वतःच्या अखत्यारीत घेतला होता. मुठीत एक बांबूची खुंटी असते. विणायच्या सुईने ती खुंटी ढकलली की मूठ निघून येते आणि पात्याचं शेपूट उघडं पडतं. आईने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ते काळंकुट्ट गंजलेलं होतं म्हणे. तेव्हापासून दर नवरात्रात ती ते चिंच आणि रांगोळीच्या भुकटीने घासायची, पूजेच्या तांब्याबरोबर. मी एकदा म्हटलं, "आई, ते कुणाला दिसतंय?" ती म्हणाली, "देवाच्या तांब्याचं बूड तरी कुणाला दिसतं? म्हणून घासायचं नाही होय?"

त्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळपासून गरब्याच्या मैदानावर कुणीतरी माइक तपासत होता. "हेलो, हेलो, चेक," एवढंच, थोड्या थोड्या वेळाने, रिकाम्या मैदानावर. आईने बाहेरच्या खोलीत पाट मांडला होता. त्यावर बाबांचा पाना, दादाची सोल्डरिंगची दांडी, विळी, कात्री, आणि मधोमध म्यानाबाहेर काढलेली तलवार. मला तिने झेंडू आणि फाफडा-जिलबी आणायला पिटाळलं होतं. बाबा आंघोळीला गेले होते. दादा गच्चीवर अँटेना फिरवत होता आणि वरून ओरडत होता, "आई, दिसतंय का?"

"मुंग्या आहेत अजून!"

"आता?"

"आलं, आलं! आता हात लावू नकोस!"

दादाने तिथेच बोल्ट आवळायला घेतला. पाना पाटावर आहे हे लक्षात आल्यावर तो खाली आला. आई भिंतीला टेकून बसली होती, तोंड टीव्हीकडे. टीव्हीवर चित्र अगदी स्वच्छ होतं. तिच्यासमोर तलवार पाटावर सरळ ठेवलेली, पात्यावर हळदीकुंकवाची ओली बोटं. मी फाफड्याचा पुडा घेऊन दारात आले तेव्हा दादा तिच्या समोर उकिडवा बसून तिला हाका मारत होता, हळू आवाजात, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, एका क्षणात. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. बाबांनी ते वाक्य धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "तिला काही कळलं नाही." शेजारच्या भानुबेन म्हणत, "हा भाई, पुण्यशाळी जीव," आणि डोळे पुसत. सोसायटीने त्या रात्रीचा गरबा बंद ठेवला. तलवार बाबांनी तशीच, न पुसता, म्यानात सारली आणि कपाटावर टाकली.

पुढच्या महिन्यांत गच्च्यांवर डिश अँटेनांच्या मोठ्या बशा उगवायला लागल्या. दादाला केबलचा धंदा घालायचा होता. एक भागीदार मिळाला होता, बशीपुरतं भांडवल कमी पडत होतं. होळीच्या सुमाराला तो एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, ती तलवार विकू या. परदेशात लोक वेडे आहेत तिच्यामागे. आता तिची पूजा कोण करणार आहे?"

बाबा रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "आधी कळू दे तर काय आहे ती." मला वाटतं त्यांनाही ती घरात नको होती. त्यांनी कुठून तरी एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स मिळवल्या आणि रात्रीच्या जेवणानंतर आम्हाला शिकवायला लागले. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच इतकं बोलत होते. लढाईच्या काळातल्या बहुतेक तलवारी कारखान्यात ठोकलेल्या, तेलात विझवलेल्या. त्यांना किंमत फारशी नाही. पण काही मोजक्या लोहारांनी जुन्या रीतीने, पोलादाच्या घड्या घालून आणि पाण्यात विझवून घडवलेल्या. त्यांना मान आहे आणि मोलही. पाण्यात विझवताना धारेच्या बाजूला एक पांढुरकी रेघ उमटते. "तेलातली रेघ भिंतीवरच्या ओलीसारखी कापल्यागत थांबते," बाबा म्हणाले. "पाण्यातली विरत जाते. धुक्यासारखी."

"आपली कुठली?" दादाने विचारलं.

बाबांनी तलवार काढली. म्यानातून ती नेहमीसारखी सरकली नाही, किंचित अडखळली. दिव्याखाली धरल्यावर रेघ खरोखरच धुक्यासारखी दिसली आणि दादाने मांडीवर थाप मारली. मग त्याला पात्याच्या मध्यावरचे डाग दिसले. चार, एकाखाली एक. कुंकू वाळून गळून गेलं होतं आणि त्याखाली पोलाद तपकिरी झालं होतं.

"कुंकवाचे आहेत," बाबा म्हणाले. त्यांनी तलवार पुन्हा म्यानात घातली.

दुपारी घरात कुणी नसलं की मी ती काढून पाहायला लागले. का, ते सांगता यायचं नाही. प्रत्येक वेळी डाग थोडे बदललेले असत. आधी नुसती झाक होती. मग कडा आल्या. मग एका दुपारी मला त्यांत रेषा दिसल्या, बोटांच्या टोकावर असतात त्या वळणावळणाच्या बारीक रेषा. एका डागावर आडवी चीर होती. आईचं मधलं बोट विळीवर कापलं होतं, त्या जखमेची ती खूण. बाहेर एरंडाच्या शेतावर ऊन नुसतं उभं होतं, पंख्याचा आवाज होत होता, आणि माझ्या मांडीवरच्या पोलादात आईचं बोट वर येत होतं. काचेच्या पलीकडे उभं राहून कुणी हात टेकावा तसं. मी कुणाला सांगितलं नाही. रोज आणखी स्पष्ट होणारी गोष्ट घरात आहे आणि घरातली माणसं तिच्याखालून जेवायला जाताहेत, याची मला भीती वाटायची, आणि पाहिल्याशिवाय राहवतही नसे.

उन्हाळ्यात बाबांच्या कारखान्यात नवी भट्टी बसवायला जपानहून एक म्हातारे इंजिनियर आले. ओकादा त्यांचं नाव. कामगार त्यांना ओकादाभाई म्हणत आणि ते त्यालाही ओ देत. बाबांनी तलवारीचा विषय काढताच त्यांनी हातातलं काम थांबवलं. त्यांच्या वडिलांना तलवारींची पारख होती, थोडी त्यांच्याकडे आली होती, आणि त्यांच्या ओळखीत घेणारे लोकही होते. रविवारी दुपारी ते आमच्याकडे आले, घामाने डबडबलेले, हातात केळ्यांची फणी. मी पन्हं दिलं. ते त्यांनी उभ्यानेच संपवलं आणि खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. मऊ कापड मागितलं तर मी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला.

त्यांनी तलवारीला वाकून नमस्कार केला, कागद दातांत धरला आणि म्यान काढलं. आधी नुसता आकार पाहिला, हात लांब करून. मग पातं दिव्याच्या खाली नेऊन इतकं हळू फिरवलं की प्रकाश त्यावरून सरकताना दिसत होता. धार टोकापासून मुठीपर्यंत बोटभर बोटभर तपासली. बाबा कुजबुजले, "आडवी चीर शोधताहेत. केसाएवढी असली तरी तलवार बाद." खोलीत आम्ही चौघं होतो आणि कुणाच्याही श्वासाचा आवाज येत नव्हता. डागांपाशी आल्यावर त्यांचा हात क्षणभर थांबला, मग पुढे गेला. शेवटी त्यांनी कागद काढला आणि तुटक इंग्रजीत बोलले. पाण्यात विझवलेली. हाताने घडवलेली. चांगल्या लोहाराची. दादाने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

मग त्यांनी खुंटी ढकलली आणि मूठ काढली.

शेपूट चकचकत होतं. तांब्याच्या बुडासारखं. ओकादांच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला, चटका बसल्यावर निघतो तसा. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"माझ्या बायकोने," बाबा म्हणाले. "दर वर्षी. आमचा शस्त्रांच्या पूजेचा सण असतो."

ओकादांनी मान हलवली. मग शांतपणे समजावलं. या भागाचा गंज कधी काढायचा नसतो. गंजाचा रंग हाच तलवारीच्या वयाचा दाखला. लोहार आपलं नाव इथे कोरतो, आणि नाव खरं की मागाहून कुणी कोरलेलं, तेही त्यात बसलेल्या गंजावरूनच कळतं. इथे नाव घासून गेलं होतं. शेवटचं एकच अक्षर उरलं होतं. त्याचा अर्थ, घडवली. कुणी, ते आता कुणालाही सांगता येणार नव्हतं.

"म्हणजे किंमत?" दादाने विचारलं.

"नाव असतं तर पुष्कळ. आता थोडी." ते थांबले. "पण पातं खरं आहे. माझ्या ओळखीचा एक माणूस पात्यासाठी घेईल. पॉलिश करणारा हे डाग काढील, वरचं थोडं पोलाद जाईल, मग स्वच्छ."

थोडी म्हणजेही दादाच्या बशीपुरती होती. "पत्यु ने, झालं काम!" तो माझ्या कानाशी म्हणाला. "आईने अर्धी धुतली, अर्धी राहिली."

ओकादांनी डाग किती खोल गेलेत ते पाहायला पातं पुन्हा दिव्याखाली धरलं. मग पालथं केलं, आणि तसेच थांबले. पलीकडच्या बाजूला, चार बोटांच्या समोर, एक रुंद डाग होता. तो मी कधी पाहिला नव्हता. मी नेहमी एकच बाजू पाहत आले होते. पात्याच्या बोथट कण्यावरही तपकिरी पट्टा होता, तळहाताच्या रुंदीचा.

"पूजेत कसा हात लावता?" त्यांनी विचारलं.

बाबांनी बोटाने कुंकू लावल्याचं दाखवलं, वरच्यावर.

ओकादा मान हलवून नाही म्हणाले. त्यांनी लुगड्याचा तुकडा कण्यावर टाकला आणि त्यावरून पातं मुठीत धरलं. चार बोटं अलीकडे, अंगठा पलीकडे, धार खाली, तळहाताच्या बाहेर. त्यांचा हात बरोबर त्या डागांवर बसला. "हा लावलेला हात नाही," ते म्हणाले. "हा धरलेला हात आहे. घट्ट. घाम खूप होता." मग तोच हात त्यांनी हळूहळू खाली नेला आणि तलवार सतरंजीवर सरळ ठेवली. धार भिंतीकडे. त्या दिवशी पाटावर होती तशीच.

बाबांनी भिंतीकडे पाहिलं, आई बसली होती त्या जागेकडे. मग आपल्याला भट्टीबद्दल काही विचारायचंय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "किती वेळ धरली असेल?"

"पोलादाला वेळ कळत नाही," ओकादा म्हणाले. "ओल कळते."

तिला काही कळलं नाही, हे वाक्य त्या दिवसानंतर बाबांनी उच्चारलं नाही. तिला कळलं होतं. हातातलं शस्त्र पडू नये, कुणाच्या पायावर, स्वतःच्या अंगावर पडू नये, एवढं कळण्याइतका वेळ तिला मिळाला होता. तिने ते धरलं, जागच्या जागी ठेवलं, आणि मग ती भिंतीला टेकली. हाक तिने मारली नाही, की मारली आणि अँटेनाच्या खडखडाटात ती विरली, हे पोलादावर उमटत नाही.

दादा उठला आणि जिना चढून गच्चीवर गेला. डोक्यावर त्याचं चालणं ऐकू येत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओकादांनी डोळे मिटून घेतले होते. मध्येच म्हणाले, त्यांच्या थोरल्या भावाकडेही तलवार होती, कारखान्यातली, अगदी साधी. ती परत आली नाही.

दादा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "बाबा, त्यांना सांगा," तो म्हणाला, "हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही."

"आणि तुझी बशी?"

"जवा दो ने, बाबा."

ओकादांनी त्यालाच समोर बसवून तेल द्यायला शिकवलं. उघडं बोट कधी टेकवायचं नाही. डाग कोवळा असतो तोवर कापसाने पुसला जातो. मुरला की पॉलिशवाचून निघत नाही. हे मुरलेत, यांच्यावर पातळ तेल ठेवलं तर आहेत तसे राहतील, आणि नाही दिलं तर आत खात जातील. निघताना त्यांनी बाबांना सांगितलं, ही आता बाजारात नेऊ नका. तिथे हिला मोल नाही.

दादाने पुढे केबलचा धंदा केलाच, उशिरा आणि कर्ज काढून, आणि तो बुडालाही. बाबा गेले. ते शेत गेलं, तिथे आता दुकानं आहेत. तलवार दादाकडे राहिली. दर खंडेनवमीला तो आंघोळ करून, हातमोजे घालून तिला तेल द्यायचा आणि मला फोन करायचा, "चिमे, झालं गं." त्यापलीकडे आम्ही कधी काही बोललो नाही. गच्चीवर त्या दुपारी त्याने काय ठरवलं, काय आठवलं, मी विचारलं नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी तो अंथरुणाला खिळला होता. मी त्याच्याकडे जाऊन राहिले होते. खंडेनवमीला त्याने तलवार मागितली. मी कापूस, तेल, मोजे सगळं बाजेवर मांडून दिलं. तो म्हणाला, "जरा चहा टाक ना, आलं घालून." मी चहा घेऊन आले तेव्हा तलवार म्यानात होती आणि तो उशीला टेकून डोळे मिटून पडला होता.

"तेल दिलंस?"

"दिलं गं."

यंदा घरात पूजा नाही. पण तेल चुकवायचं नाही म्हणून काल दुपारी मी ती काढली. म्यानातून येताना ती किंचित अडखळली. खिडक्या लावून दिवा लावला. आईचा हात होता तिथे होता, मुरलेला, काळपट, रेषा आता अंधूक झालेल्या. आणि त्याच्यावर, त्याला झाकून, तांबूस झाक होती. जुन्या तेलावर पडलेली म्हणून असेल, वर्ष झालं तरी कोवळी, अजून कडा न आलेली. चार बोटं, आईच्यापेक्षा रुंद. पातं पालथं केलं. पलीकडे अंगठा होता.

शेजारी दादाचे गेल्या वर्षीचे मोजे पडले होते, नव्यासारखे. कापसाचा बोळा मी तेलात बुडवून हातात धरला होता. एकदा फिरवला असता तर ती झाक निघून गेली असती आणि खाली आई तेवढी उरली असती. बाहेर सोसायटीत कुणीतरी माइक तपासत होतं. मी बोळा वाटीत परत ठेवला, श्वास अडवून तलवार म्यानात सारली, आणि तेल न देता कपाटावर ठेवून दिली.